श्रद्धेचा अभ्यास करताना या चुका टाळा

मुलाखतीत सगळेजण तीच घोटलेली उत्तरं देऊ लागले, तर आधी आपली प्रश्नावली तपासा. ‘तुमचा देवावर विश्वास आहे का?’ असं थेट विचारलं की माणूस शिकवलेलं सांगतो. जस्टिन बॅरेट आणि फ्रँक कील या मानसशास्त्रज्ञांनी १९९६ साली हे फार छान दाखवलं. देव एकाच वेळी सर्वत्र असतो, असं मानणारी माणसंही ऐकलेली कथा आठवून सांगताना देवाला आधी एकीकडचं काम उरकायला लावत, मग दुसरीकडे पाठवत. ती खोटं बोलत नव्हती. मतं विचारल्यावर एक श्रद्धा पुढे येते, गोष्ट सांगताना दुसरी. म्हणून प्रसंग विचारा: घरात आजारपण आलं तेव्हा सगळ्यात आधी काय केलंत? कुणाकडे गेलात?

आकड्यांचंही तसंच. अमेरिकेत १९९३ मध्ये काही समाजशास्त्रज्ञांनी चर्चमधली माणसं प्रत्यक्ष मोजली, तर उपस्थिती लोकांनी सांगितलेल्याच्या जेमतेम निम्मी भरली. शक्य तिथे स्वतः मोजा.

सगळ्यात जास्त नुकसान मात्र ‘अंधश्रद्धा’ हा शिक्का घाईने मारल्याने होतं. इव्हान्स-प्रिचर्ड हे मानववंशशास्त्रज्ञ आफ्रिकेतल्या अझांदे लोकांत राहिले. तिथे धान्याचं कोठार कोसळून सावलीला बसलेली माणसं दगावली, की लोक चेटकाचं नाव घेत. खांब वाळवीने पोखरले होते, हे त्यांना पक्कं ठाऊक असे. त्यांचा प्रश्न वेगळा होता: ते नेमकं त्याच क्षणी आणि याच माणसांवर का पडलं? पहिल्याच दिवशी वहीत ‘अज्ञान’ लिहिलं असतं, तर हा प्रश्न ऐकूच आला नसता. मला तरी या विषयातला हा सगळ्यात मोलाचा धडा वाटतो. एखादं उत्तर वेडगळ वाटलं, तर समोरचा कोणत्या प्रश्नाचं उत्तर देतोय ते शोधा.

भाषांतराकडेही लक्ष हवं. ‘विश्वास ठेवणे’ ही कल्पना प्रत्येक भाषेत असेलच असं धरून चालू नका, असं मानववंशशास्त्रज्ञ रॉडनी नीडहॅम यांनी १९७२ मध्ये बजावलं होतं. मराठीतच बघा ना, श्रद्धा, भाव, निष्ठा, विश्वास. एकाच्या जागी दुसरा ठेवला की वाक्य बदलतं. टिपणात बोलणाऱ्याचा मूळ शब्द जसाच्या तसा उतरवा, आणि आपला अर्थ शेजारी वेगळ्या शाईने लिहा.