टोंगारिरो नॉर्दर्न सर्किट: निघायच्या आधी काय काय बघायचं

न्यूझीलंडच्या नॉर्थ आयलंडमधलं टोंगारिरो नॉर्दर्न सर्किट, म्हणजे ज्वालामुखींच्या प्रदेशातून फिरणारा पायी ट्रेक, करायचं म्हणताय तर आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. फाकापापा गावातून निघून परत तिथेच येणारी ही ४५ किमीच्या आसपासची वाट तीन-चार दिवसांची असली तरी तयारी खरी एकाच दिवसासाठी करायची असते, मांगाटेपोपो हट ते ओटुरेरे हट (हट म्हणजे वाटेवरची मुक्कामाची घरं). बाकीचे दिवस लांबलचक आहेत पण तिथे थोडं इकडेतिकडे झालं तरी निभावतं, या दिवशी मात्र रेड क्रेटरच्या १८८६ मीटरवरच्या उघड्या धारेवरून जायचं असतं आणि वारा सुटला तर आडोसा असा काही नाहीच. म्हणून कॅलेंडर घेऊन बसलात की आधी हा दिवस ठेवा आणि मग पुढचे-मागचे दिवस लावा.

हट आणि कॅम्पसाइट दोन्हीचं बुकिंग तारखेनुसार असतं, डिपार्टमेंट ऑफ कॉन्झर्व्हेशनच्या, म्हणजे सगळे ज्याला डॉक म्हणतात त्यांच्या साइटवर, आणि सीझनच्या तारखा कित्येक महिने आधी उघडतात तेव्हा लक्ष ठेवून बसायचं. सीझन ऑक्टोबरच्या शेवटी सुरू होतो तो ३० एप्रिलपर्यंत. त्याच्या बाहेर तिथे बर्फ असतो, हिमस्खलनाचा धोका असतो, हटमधले गॅस काढून ठेवलेले असतात, क्रॅम्पॉन (बुटाखाली लावायचे बर्फातले खिळे) आणि आइस अ‍ॅक्स म्हणजे बर्फातली कुऱ्हाड वापरता येत नसेल तर तो विषयच सोडून द्या. मला विचाराल तर फेब्रुवारी-मार्च. आणि ट्रेकनंतर लगेच दुसऱ्या दिवशीचं फ्लाइट काढू नका हो, एक-दोन दिवस मोकळे ठेवा, कारण हवामान बिघडलं की थांबायचं की माघारी फिरायचं हे तिथे ठरवावं लागतं आणि ज्याचं विमान परवा सकाळी आहे तो माणूस नेहमी चुकीचंच ठरवतो.

दिशा कुठलीही चालते, पण मी घड्याळाच्या काट्याच्या दिशेने जा म्हणेन. रेड क्रेटरवरून एमराल्ड लेक्सकडे जो उतार आहे तो सगळा सुट्ट्या स्कोरियाचा, म्हणजे जळक्या खडीसारखे हलके खरखरीत दगड, पाय ठेवला की अख्खा थर खाली सरकतो. उतरताना टाच रोवून, गुडघे सैल ठेवून गेलं की जमतं, मजाही येते, पण पाठीवर दहा-बारा किलो घेऊन तोच चढायचा म्हणजे दोन पावलं वर आणि एक खाली. याच दिवशी अल्पाइन क्रॉसिंग, म्हणजे याच डोंगरावरची एका दिवसाची वाट, करणारी गर्दीही तुमच्याच वाटेवर असते, हटवरून लवकर निघालात तर डेव्हिल्स स्टेअरकेसच्या चढावर रांग लागायच्या आत वर पोचता. एमराल्ड लेक्सनंतर गर्दी ब्लू लेककडे जाते आणि तुम्ही उजवीकडे ओटुरेरेच्या दरीत उतरता, तिथे धुकं असेल तर एका मार्कर पोलपासून पुढचा पोल दिसेपर्यंत पुढे सरकू नका.

ज्वालामुखी जिवंत आहे हे नुसतं फोटोखाली लिहायला नाही. २०१२ मध्ये ऑगस्टला आणि परत नोव्हेंबरला टोंगारिरोवरच्या 'ते मारी' नावाच्या क्रेटरचा उद्रेक झाला, दगड उडून केतेताही हटच्या छतातून आरपार गेले, आणि पूर्वी लोक मुक्काम करायचे त्या हटमध्ये आता राहता येत नाही. जिओनेट ही ज्वालामुखींवर नजर ठेवणारी तिथली संस्था अ‍ॅलर्ट लेव्हल ० ते ५ अशी देते, ती आठवडाभर आधी बघा, निघायच्या सकाळी परत बघा आणि हटमधल्या वॉर्डनलाही विचारा. काही झालंच तर पाठ फिरवून पळत सुटायचं नाही, उडणारे दगड कुठे येतायत ते बघत आडोसा शोधायचा, मग लांब जायचं आणि दरीच्या तळाशी उतरायचं नाही.

कपड्यांचं थोडक्यात, कॉटन नको. मेरिनो किंवा सिंथेटिक बेस, फ्लीस, वर खरं वॉटरप्रूफ जॅकेट आणि पँटपण, टोपी-हातमोजे जानेवारीतसुद्धा, कारण जानेवारी म्हणजे तिथला उन्हाळा असला तरी वर बर्फ पडू शकतो. सॅकच्या बाहेरच्या रेन कव्हरवर विसंबू नका, धारेवरच्या वाऱ्यात ते आधी फुगतं मग एक कडा सुटते आणि मग ते तुमचं राहत नाही. त्यापेक्षा सॅकच्या आत एक मोठी जाड प्लास्टिकची पिशवी, त्यात स्लीपिंग बॅग आणि कोरडे कपडे, तोंड पिळून आत दुमडायचं. घोट्याला धरणारे बूट, बुटाच्या तोंडावर बांधायचे गेटर्स म्हणजे खडी आत जात नाही, हातात दोन ट्रेकिंग पोल. ऊनही कडक लागतं तिथे, सनस्क्रीन विसरू नका.

पाणी हटच्या टाकीतून भरा आणि प्युरिफाय करून प्या, वाटेतल्या तळ्या-ओढ्यांचं नको, त्यात ज्वालामुखीचे क्षार असतात. दुसऱ्या दिवशी माणशी दोन ते तीन लिटर. सीझनमध्ये हटला गॅस शेगड्या असतात पण भांडी, लायटर, चमचा सगळं आपलं, हेडटॉर्चही. कचरा परत खाली आणायचा, अगदी टीबॅगपण. इअरप्लग घ्या, कारण बंक रूममध्ये कोणीतरी घोरतोच.

एअरपोर्टवर बूट, तंबू, पोल, खायच्या वस्तू सगळं डिक्लेअर करा, आणि बुटांचे सोल घरीच ब्रशने घासून भेगांमधली माती काढून टाका, चुकीचं डिक्लेरेशन केलं तर जागेवर ४०० न्यूझीलंड डॉलरचा दंड बसतो. गॅसचा कॅन विमानात चालत नाही, लागलाच तर तिथे घ्या.

ही शिखरं न्गाती तुफारेतोआ या स्थानिक माओरी इवीला, म्हणजे जमातीला, पवित्र आहेत, १८८७ मध्ये त्यांच्याच प्रमुखाने ती दिली म्हणून हे नॅशनल पार्क झालं. त्यामुळे न्गाउरुहोए आणि टोंगारिरोच्या माथ्यावर चढू नका, तळ्यांच्या पाण्याला हातही लावू नका अशी विनंती आहे, ती पाळायची, त्यात वाद काय घालायचा. वेळ उरला तर शेवटच्या दिवशी वाटेतून टामा लेक्सचा फाटा आहे, तो करा, त्याला कोणी अडवत नाही.

फोनची रेंज भरवशाची नाही, पीएलबी, म्हणजे संकटात तुमची जागा कळवणारं छोटं यंत्र, भाड्याने मिळतो तो घ्या आणि सॅकच्या तळाशी न कोंबता छातीच्या पट्ट्यावर लावा. कुठल्या रात्री कुठल्या हटमध्ये आणि किती वाजेपर्यंत फोन नाही आला तर १११ या तिथल्या इमर्जन्सी नंबरला कळवायचं हे एका माणसाला लिहून द्या. आणि परत आलात की अंघोळीच्या आधी त्याला फोन करा, नाहीतर तुम्ही कॉफी पिताय आणि तिकडे शोधायला टीम निघालीय असं व्हायचं.