तीन हिरवे दिवे लागले नाहीत तर विमान कसं उतरवायचं

आमच्यातला एक मुलगा सध्या सीपीएलचे (व्यावसायिक पायलटच्या परवान्याचे) पेपर देतोय, बाकी आम्ही सगळे हौशी, आणि रविवारी कोथरूडला त्याच्या घरी सिम्युलेटर लावून बसतो. गेल्या वेळी लोहगावला (पुण्याच्या विमानतळावर) उतरताना मी मुद्दाम त्याचा नोज गिअर, म्हणजे नाकाखालचं चाक, फेल केला, तर तो चाकांचा लिव्हर वर-खाली वर-खाली करत बसला आणि त्या नादात विमान कधी खाली यायला लागलं हे त्याला कळलंच नाही. म्हणून हे सविस्तर लिहितोय, ट्रेनिंगवाल्यांना आणि सिमवाल्यांना दोघांनाही. खऱ्या विमानात अर्थातच त्या विमानाची चेकलिस्ट सांगेल तेच करायचं.

पहिलं काम चाकाचं नाहीच. दोन मुख्य चाकं आणि नाकाखालचं एक, तिन्ही खाली येऊन लॉक झाली की तीन हिरवे दिवे लागतात, त्यातला एक जरी लागला नाही तरी अप्रोच (उतरण्यासाठी खाली येणं) सोडायचा, गो-अराउंड करून, म्हणजे न उतरता पुन्हा वर चढून, सेफ उंचीवर जायचं, एटीसीला (हवाई वाहतूक नियंत्रणाला) सांगून घिरट्या घालायला जागा मागायची आणि कामं वाटून घ्यायची. एकानं फक्त विमान उडवायचं, दुसऱ्यानं चेकलिस्ट वाचायची. ते 'फक्त' अक्षरशः घ्या. 29 डिसेंबर 1972 ला ईस्टर्न एअरलाइन्सची फ्लाइट 401 मायामीजवळ 2,000 फुटांवर होती, नाकाच्या चाकाचा दिवा लागेना म्हणून सगळे त्या दिव्याच्या मागे लागले, ऑटोपायलटनं उंची धरणं सोडलं हे कुणाला कळलं नाही आणि विमान दलदलीत गेलं, 176 पैकी 101 माणसं गेली. चाक व्यवस्थित खाली होतं हो, बल्ब गेला होता! मला हे दरवेळी वाचताना पोटात कालवतं.

म्हणून आधी बल्ब बघा, मग सर्किट ब्रेकर (जास्त करंट आला की उडून वीज तोडणारं बटण) बघा. ब्रेकरचं एवढ्यासाठी सांगतोय की 1 नोव्हेंबर 2011 ला पोलंडच्या लॉट कंपनीचं बोईंग 767 वॉर्साला चाकांशिवाय पोटावर उतरलं, चाकं हलवणाऱ्या हायड्रॉलिक तेलाची गळती झालेली आणि चाकं खाली आणायच्या पर्यायी सिस्टीमचा ब्रेकर उडालेला. नंतर विमान उचलून तो ब्रेकर परत दाबला तर चाकं खाली आली.

दुसरं लक्ष इंधनावर. डिसेंबर 1978 मध्ये पोर्टलंडजवळ युनायटेड एअरलाइन्सची फ्लाइट 173 चाकाच्या शंकेपायी जवळजवळ तासभर फिरत राहिली आणि इंधन संपून पडली, 10 जण गेले, तिथून पुढे कॉकपिटमधल्या टीमवर्कचं ट्रेनिंग सुरू झालं. त्यामुळे चेकलिस्ट उघडतानाच ठरवून टाका की इतकं इंधन उरलं की काहीही होवो, उतरायचं. थोडं जाळणं चांगलंच असतं, विमान हलकं झालं की उतरताना स्पीड कमी लागतो, आणि एअरबस ए320 किंवा बोईंग 737 ला इंधन हवेत सोडायची सोय नसते म्हणजे फिरूनच जाळावं लागतं.

मग चाकं खाली आणायची पर्यायी पद्धत. ए320 ला दोन पायलटच्या मधल्या पेडेस्टलच्या (कंट्रोलच्या कट्ट्याच्या) मागच्या टोकाला हँडल आहे, बाहेर ओढून तीन फेरे फिरवायचं, 737 ला कॉकपिटच्या जमिनीत झाकणाखाली तीन हँडल आहेत, प्रत्येक चाकाला एक. चाकं स्वतःच्या वजनानं पडतात. पण एकदा अशी पाडली की बहुतेक वेळा परत आत जात नाहीत, म्हणून घाई नको. कंट्रोल टॉवरजवळून कमी उंचीवरून जाऊन त्यांच्याकडून चाकं बघून घेता येतात, पण टॉवर फक्त 'खाली दिसतायत' एवढंच सांगू शकतो, लॉक झालीत का ते त्यांना दिसत नाही.

रनवे निवडताना लांबी, फायर ब्रिगेड आणि रनवे अडकला तर काय होईल हे तिन्ही बघा. लोहगावचा रनवे साधारण अडीच किलोमीटरचा, तोच एअर फोर्सचाही, तिथे विमान पोटावर बसलं की सगळंच बंद. म्हणून इंधन असेल तर मुंबईचा लांब रनवे मी आधी विचारात घेईन.

आता उतरणं. नाकाचं चाक नसेल तर मुख्य चाकांवर नेहमीसारखं टेकायचं, नाक वर धरून ठेवायचं, पण एलिव्हेटरमधला (नाक वर-खाली करणाऱ्या शेपटीवरच्या पट्टीतला) जोर संपायच्या आधी हळूच खाली आणायचं, नाहीतर ते आपटतं. ब्रेक अगदी हलके. 21 सप्टेंबर 2005 ला जेटब्लूच्या ए320 चं नाकाचं चाक 90 अंश आडवं फिरलेलं, प्रवाशांना मागे बसवलं, तीन तास इंधन जाळलं आणि लॉस एंजेलिसला विमान मध्यरेषेवरच थांबलं, टायर जळून गेले पण 146 पैकी कुणालाही इजा नाही.

एका बाजूचं मुख्य चाक नसेल तर सगळ्यात अवघड. चांगल्या चाकाच्या बाजूला रनवेच्या कडेकडेनं उतरायचं, कारण पंख टेकला की विमान चाक नसलेल्या बाजूला ओढलं जाणार, आणि एलेरॉन (पंख वर-खाली करणाऱ्या टोकाजवळच्या पट्ट्या) देत देत पंख जितका वेळ वर धरता येईल तितका धरायचा. मोठ्या विमानात जी चाकं आलीत ती ठेवतात, छोट्या विमानांत मात्र एकच मुख्य चाक येत असेल तर बऱ्याच हँडबुकमध्ये सगळी आत घेऊन पोटावर उतरा असंच दिलेलं असतं.

तिन्ही नसतील तर पूर्ण फ्लॅप (कमी स्पीडला विमान तोलणाऱ्या पंखामागच्या पट्ट्या), कमीत कमी स्पीड, पंख सरळ आणि नेहमीपेक्षा सपाट टेकणं. वॉर्साच्या 767 वर 231 जण होते आणि सगळे चालत बाहेर आले. कॅप्टन तादेउश व्रोना ग्लायडरही उडवायचे आणि मला वाटतं ते हातात उतरलंच असणार, म्हणून हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरवर जायची संधी मिळाली तर सोडू नका.

थांबल्यावर इंजिनं बंद, इंधन बंद, मग बाहेर. विमान तिरकं असलं तर एखादी स्लाइड (बाहेर पडायची फुगणारी घसरगुंडी) जमिनीला नीट टेकत नाही, ती सोडून दुसरी घ्यायची, बॅगा आतच.

येत्या रविवारी त्याच मुलाला पुन्हा बसवणार आहे, लोहगावचा रनवे 28, डावं मुख्य चाक बंद, आणि तासाभराचंच इंधन.