प्रभाग रचनेवर हरकत घेताय? या चुका टाळा

महापालिकेची प्रारूप, म्हणजे कच्ची, प्रभाग रचना जाहीर झाली की दोन दिवसांत सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मजकूर फिरू लागतो. 'आमचा भाग मुद्दाम तोडला आहे, हा अन्याय आहे, कृपया रचना बदलावी.' खाली नाव, पत्ता, सही. शंभर जण तोच कागद देतात आणि सुनावणीत शंभर जणांना मिळून एकच उत्तर मिळते. आमच्या कॉलनीचा पहिला अर्जही याच पठडीतला होता. तो फेटाळला गेला तेव्हा आम्ही अधिकाऱ्यांच्या नावाने बोटे मोडली, पण अर्ज पुन्हा वाचल्यावर कळले की त्यात फेटाळण्यासारखेही काही नव्हते. नुसती तक्रार होती, मागणी कुठेच नव्हती.

सुनावणीत मुख्यतः दोन गोष्टी बघितल्या जातात. रचनेचा नियम मोडला आहे का, आणि तुम्ही सुचवलेला बदल केला तर शेजारचा प्रभाग बिघडतो का. दुसरा प्रश्न बहुतेकांच्या डोक्यातच नसतो.

म्हणून आधी आकडेमोड करा. शहराच्या लोकसंख्येला नगरसेवकांच्या एकूण जागांनी भागायचे आणि प्रभागात जितके सदस्य तितक्याने गुणायचे. ही झाली प्रभागाची सरासरी. प्रत्यक्ष लोकसंख्या तिच्यापेक्षा 10 टक्के कमी किंवा जास्त चालते. समजा शहराची लोकसंख्या 3,12,000 आणि जागा 78 आहेत. एका जागेमागे 4,000, म्हणजे चार सदस्यांच्या प्रभागाची सरासरी 16,000, आणि मर्यादा 14,400 ते 17,600. आता तुमच्या प्रभागात 14,700 लोक आहेत, शेजारच्यात 17,200, आणि तुमच्या कडेची 520 लोकांची एक गल्ली शेजारी टाकावी असे तुम्हाला वाटते. टाकली तर तुमचा आकडा 14,180 वर येतो, शेजारचा 17,720 वर जातो. दोन्ही मर्यादेबाहेर. तेवढ्याच लोकांची गल्ली उलट दिशेने, शेजारून तुमच्याकडे मागितली असती तर 15,220 आणि 16,680, म्हणजे गणित आधीपेक्षाही सुधारले असते. एवढी बेरीज-वजाबाकी अर्जात लिहून दिली तर तुमचा अर्ज त्या शंभर कागदांपेक्षा वेगळा दिसतो.

इथे एक अडचण हमखास येते. गल्ली तुमच्या मनाप्रमाणे कापता येत नाही. जनगणनेत शहराचे लहान तुकडे केलेले असतात, साधारण सहाशे-आठशे लोकांचे. त्यांना प्रगणक गट म्हणतात. प्रभाग रचताना हा गट फोडायचा नसतो. तेव्हा 'अमुक मंदिरापासून तमुक दुकानापर्यंतची घरे आमच्यात घ्या' असे लिहू नका. ती घरे कोणत्या गटात येतात ते शोधा, पूर्ण गट मागा आणि त्याचा क्रमांक द्या.

'आमच्याकडे दहा नवे टॉवर झालेत, लोकसंख्या दुप्पट झाली' हा मुद्दाही अर्जांत खूप दिसतो. मुद्दा खरा असतो, कामाचा मात्र नसतो. 2025 ची रचनासुद्धा 2011 च्या जनगणनेवरच झाली. विजेची बिले किंवा मतदारांची संख्या जोडून उपयोग नाही, तो कागद तसाच बाजूला पडतो.

मग चालतो कोणता मुद्दा? जमिनीवर दिसणारा. नदी, मोठा नाला, रेल्वेमार्ग, डोंगर, हमरस्ता, उड्डाणपूल अशा ठळक हद्दींवरून प्रभागाची सीमा जावी अशी अपेक्षा असते. रुळांपलीकडचा एक तुकडा तुमच्या प्रभागाला चिकटवला असेल आणि तिकडे जायला वळसा घालावा लागत असेल, तर तो मुद्दा दमदार आहे. अनुसूचित जाती किंवा जमातीची सलग वस्ती दोन प्रभागांत विभागली गेली असेल तर त्याहून दमदार, कारण अशा वस्त्या शक्यतो फोडू नयेत असे निर्देश असतात. या दोन प्रवर्गांच्या राखीव जागा त्यांच्या लोकसंख्येच्या टक्केवारीच्या उतरत्या क्रमाने ठरत असल्याने वस्ती फुटल्याचा परिणाम थेट आरक्षणापर्यंत जातो. याउलट 'अमक्या इच्छुकाच्या सोयीसाठी केले' हे कितीही खरे वाटत असले तरी सुनावणीत सिद्ध करता येत नाही. त्या वाक्याने उरलेल्या चांगल्या मुद्द्यांचीही धार जाते.

जुना नकाशा बघून भांडणारे तर दर वेळी भेटतात. त्यांचाही फार दोष नाही. मुंबईतल्या जागा 227 वरून 236 केल्या आणि 2022 मध्ये पुन्हा 227 वर आणल्या. इतर महापालिकांसाठी त्याच काळात तीन सदस्यांचे प्रभाग आखले गेले, तेही बाजूला पडले. पुण्यात 2017 ला 162 जागा होत्या, 2025 च्या रचनेत 165. प्रभागांची संख्या मात्र दोन्ही वेळा 41. त्यामुळे प्रभाग क्रमांक तोच दिसतो आणि आतला भाग बदललेला असतो. नकाशावरची तारीख आधी वाचा, आणि नुसत्या रंगीत नकाशावर न थांबता सोबतचे चतुःसीमांचे, म्हणजे चारही बाजूंच्या हद्दींचे, वर्णनही वाचा. नकाशा आणि वर्णन यांत फरक सापडला तर तीच एक भक्कम हरकत होते.

अर्ज मुदतीत द्या, पोच घ्या आणि सुनावणीला जा. बोलायला दोनच मिनिटे मिळतील असे धरून चाला. सध्याची सीमा एका रंगात, सुचवलेली दुसऱ्या रंगात आणि बाजूला चार आकडे, असा एक कागद पुढे ठेवला की बोलणे निम्म्याने कमी होते.

शेवटची गल्लत टप्प्यांची. हद्दीवर हरकत, आरक्षणावर हरकत आणि प्रभागनिहाय मतदार यादीवर हरकत या तीन वेगळ्या खिडक्या आहेत, तिन्हींच्या मुदतीही वेगळ्या. आरक्षणाची तक्रार हद्दीच्या अर्जात लिहिली तर तिची दखल घेतली जात नाही. अंतिम रचना निघाल्यानंतर विधानसभेची यादी प्रभागांत फोडली जाते. तुमची इमारत नकाशात एका प्रभागात आणि नावे शेजारच्या यादीत, असे तिथे होऊ शकते. तेवढे दुरुस्त करून मिळते. नवीन नाव मात्र त्या टप्प्यावर घालता येत नाही, ते आधीच विधानसभेच्या यादीत असावे लागते.