घरच्या कॉम्प्युटरची रॅम वाढवायची आहे?

"ताई, कॉम्प्युटर फार स्लो झालाय, रॅम वाढवून द्या," असं म्हणत कुणी अकोल्यातल्या माझ्या दुकानात आलं, तरी मी लगेच स्क्रूड्रायव्हर उचलत नाही. रॅम म्हणजे चालू कामं तात्पुरती धरून ठेवणारी मेमरी, मदरबोर्डवर म्हणजे मशीनच्या मुख्य बोर्डावर बसणारी पट्टी. आधी मशीन चालू करून घेते. तुम्हीही घरी हेच करा. रोज जे उघडता ते सगळं उघडा: ब्राउझरचे टॅब, एक्सेल, टॅली, जे असेल ते. मग कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा. टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, त्यात मेमरी. आकडा सतत 85-90 टक्क्यांच्या वर असेल, तर रॅम खरंच कमी पडतेय. मेमरी अर्धी रिकामी आणि डिस्क मात्र 100 टक्के असेल, तर रॅमवर पैसे घालू नका, जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी, म्हणजे चिपवर चालणारी वेगवान डिस्क टाका. दोन्ही भरलेलं दिसलं, तर बहुतेक वेळा रॅम संपल्यामुळे विंडोज हार्ड डिस्कवर भार टाकत असतं. तिथे रॅमपासूनच सुरुवात करा.

त्याच पानावर खाली किती स्लॉट (रॅम बसवायच्या खाचा) आहेत, किती भरलेत आणि रॅमचा स्पीड काय, हे लिहिलेलं असतं. मोबाइलवर फोटो काढून ठेवा. सेटिंग्जमध्ये सिस्टिम, अबाउट इथे जाऊन विंडोज 64 बिट आहे ना, तेही बघा. 32 बिट विंडोज 4 जीबीच्या पुढची रॅम वापरतच नाही.

आता खरेदी. सगळ्यात जास्त पैसे इथेच वाया जातात, म्हणून जरा सविस्तर सांगते. डीडीआर3, डीडीआर4 आणि डीडीआर5 या वेगवेगळ्या पिढ्या आहेत आणि एकीची रॅम दुसरीच्या स्लॉटमध्ये बसत नाही. डीडीआर3 ला 240 पिना, डीडीआर4 आणि डीडीआर5 ला 288, पण या दोघींची खाच, म्हणजे पिनांच्या मधली फट, वेगळ्या जागी. साधारण 2015 च्या आधीचा डेस्कटॉप असेल तर बहुधा डीडीआर3 निघते, तरी अंदाजावर जाऊ नका. जुनी रॅम काढून तिच्यावरचं लेबल वाचा. पीसी3-12800 म्हणजे डीडीआर3, 1600 स्पीड. पीसी4-21300 म्हणजे डीडीआर4, 2666.

जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या एका बाईंचं मशीन मध्यंतरी माझ्याकडे आलं होतं. इंटेलच्या एच61 चिपसेटचा मदरबोर्ड, तिसऱ्या पिढीचा आय3, 4 जीबी डीडीआर3. निकालाच्या दिवसांत एक्सेल आणि ब्राउझर एकत्र उघडले की मशीन गोठायचं. त्यांनी ऑनलाइन स्वस्तात 8 जीबीची रॅम मागवली. पिढी बरोबर, पिना बरोबर, खाचही बरोबर. पण लावली की स्क्रीन काळी. पट्टी हातात घेतल्यावर कळलं: दोन्ही बाजूंना मेमरी चिप खचाखच, आणि वस्तूच्या माहितीत बारीक अक्षरांत "फक्त एएमडी बोर्डसाठी". एएमडी आणि इंटेल या प्रोसेसर बनवणाऱ्या दोन वेगळ्या कंपन्या, आणि या रॅममधल्या चिपची रचना इंटेलच्या बोर्डाला ओळखता येत नाही. डीडीआर3 घेताना ही ओळ शोधाच. तसंच सर्व्हरमधून निघालेली "रजिस्टर्ड ईसीसी" रॅम कितीही स्वस्त मिळाली तरी घरच्या मशीनसाठी घेऊ नका, ती चालणार नाही. बाईंना मी जुनीच्या जोडीला 4 जीबीची दुसरी साधी पट्टी लावून दिली, एकूण 8 जीबी. त्यांच्या कामाला तेवढी पुरते.

किती घ्यावी? शाळा, ऑफिस, यूट्यूब एवढंच असेल तर 8 जीबी. व्हिडिओ एडिटिंग, फोटोशॉप किंवा कायम पंचवीस-तीस टॅब उघडे असतील तर 16. 2025 च्या अखेरीपासून एआयच्या डेटा सेंटरकडे मेमरी चिप जाऊ लागल्याने भाव खूप चढलेत, त्यामुळे "असू दे जास्तीची" म्हणून घेणं मला आता पटत नाही. सेकंडहँड घ्यायची तर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर असो की गावातल्या दुकानात, समोर लावून, चालवून दाखवायला सांगा.

बसवताना घाई नको. मशीन बंद करून प्लग भिंतीतून काढा. मग पॉवरचं बटण काही सेकंद दाबून धरा, म्हणजे आत उरलेली वीज निघून जाते. कॅबिनेट टेबलावर आडवं ठेवा. आमच्याकडे उन्हाळ्यात हवा इतकी कोरडी असते की सिंथेटिक साडीचा पदर लागला तरी चटका बसतो. तो चटका रॅमची चिप जाळू शकतो. सुती कपडे घाला आणि रॅमला हात लावण्याआधी कॅबिनेटच्या बिनरंगाच्या पत्र्याला हात लावा.

स्लॉटच्या टोकाची क्लिप बाहेर ढकला. काही बोर्डांवर ती एकाच बाजूला असते. रॅमची खाच स्लॉटमधल्या उंचवट्याशी जुळवा, दोन्ही टोकांवर अंगठे ठेवा आणि सरळ खाली दाबा. इथे लोक घाबरतात. थोडा जोर लागतोच. क्लिप "टक" करून आपोआप आत यायला हवी. पण खाच जुळत नसेल तर जोर अजिबात नको. चार स्लॉट असतील आणि रॅम दोन, तर बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरकडून दुसरा आणि चौथा स्लॉट वापरायचा, म्हणजे ड्युअल चॅनल चालतं, दोन्ही रॅम एकाच वेळी वापरल्या जाऊन वेग वाढतो. लॅपटॉपची रॅम आखूड असते आणि तिरकी घालून खाली दाबायची असते. काही लॅपटॉपमध्ये ती बोर्डावरच सोल्डर केलेली असते, मग वाढवता येत नाही.

चालू केल्यावर नुसते बीप आले किंवा डिस्प्ले आलाच नाही, तर प्लग काढून रॅम पुन्हा बसवा, मग एकेक पट्टी वेगळी लावून बघा. जुन्या पट्टीच्या सोनेरी पिनांवर काळसर थर असेल, कोकणातल्या दमट हवेत तो लवकर चढतो, तर पांढऱ्या खोडरबरने हलकं घासा आणि कण ब्रशने झटका. स्लॉटच्या आत मात्र रबर घालू नका. डीडीआर5 असेल तर पहिल्यांदा चालू होताना काही मिनिटं स्क्रीन काळी राहू शकते. तेवढा वेळ थांबा.

विंडोज उघडल्यावर टास्क मॅनेजरमध्ये 8 ऐवजी 7.9 जीबी दिसली तरी काळजी नको, थोडी रॅम ग्राफिक्स आणि हार्डवेअर घेतं. 3200 ची रॅम सहाव्या पिढीच्या इंटेल प्रोसेसरवर 2133 दाखवते, त्यात दुकानदाराची फसवणूक नाही. दोन वेगळ्या स्पीडच्या रॅम एकत्र लावल्या तर दोन्ही कमी स्पीडने चालतात. शेवटी स्टार्टमध्ये "विंडोज मेमरी डायग्नोस्टिक" शोधून रात्री तपासणी लावून झोपा. त्यात एकही चूक निघाली तर रॅम लगेच बदलून घ्या. त्यासाठी बिल जपून ठेवा आणि पट्टीवरचा स्टिकर काढू नका. तो निघाला की वॉरंटी नाकारतात.