दोरावर बसण्याआधी: कातळावरच्या साधनांवर भरवसा कसा बसवावा

कातळावर नव्यानं आलेल्या मंडळींत दोन तऱ्हा हटकून दिसतात. एकाला दोरावर बसताच येत नाही. वरून बिले आहे, म्हणजे जोडीदारानं दोर धरून ठेवला आहे, गाठ दोघांनी तपासली आहे, तरी ‘बस’ म्हटलं की त्याची बोटं कपारीत आणखी रुततात आणि थोड्याच वेळात हात भरून येतात. दुसरा समोर दिसेल त्या भेगेत काहीतरी खुपसतो, दोर अडकवतो आणि मागं न बघता वर सरकतो. दुसऱ्याची काळजी जास्त वाटते. पण पहिल्यालाही धोका असतोच, कारण भरून आलेला हात चुकीच्या जागी पडतो. दोघांचं दुखणं एकच आहे: हातातल्या साधनाला नेमकं किती झेपतं, हे दोघांनाही माहीत नाही.

इथे लिहितोय ते पारंपरिक पद्धतीच्या, म्हणजे ‘ट्रॅड’ चढाईच्या साधनांबद्दल. या चढाईत कड्यावर आधी ठोकलेले बोल्ट नसतात. लीड करणारा, म्हणजे सगळ्यांत पुढं चढणारा, वाटेतल्या भेगांत नट (धातूची पाचर) किंवा फ्रेंड (उघडमीट होणाऱ्या पाकळ्यांचं साधन) बसवत जातो, त्यात कॅरॅबिनर (गेट असलेली धातूची कडी) लावून दोर अडकवतो आणि मागून येणारा ते सगळं काढत वर येतो. कड्यावर काही उरत नाही. आपल्याकडे डोंगरागणिक गड आणि गडागणिक देऊळ. तिथे भोक न पाडता चढण्याची ही रीत मला फार मोलाची वाटते. मात्र लीडर शेवटच्या साधनाच्या तीन मीटर वर असताना निसटला, तर तो किमान सहा मीटर येणार, शिवाय दोर ताणला जाईल तेवढं आणखी. त्या क्षणी सगळं त्या एका साधनावर येतं.

हे वाचून एकट्यानं कड्यावर जाऊ नका. जाणत्या गिर्यारोहकांबरोबर मूळ चढाई, गाठी आणि बिले शिकून झाल्यावर पुढच्या पायऱ्या उपयोगी पडतील.

आधी आकडे समजून घ्या

कॅरॅबिनरच्या अंगावर किलोन्यूटनचे आकडे कोरलेले असतात. एक किलोन्यूटन म्हणजे साधारण शंभर किलोचा भार. युरोपीय मानकाप्रमाणे कॅरॅबिनरला लांबीच्या दिशेनं किमान २० किलोन्यूटन, म्हणजे दोन टन, झेपलेच पाहिजेत. शिवलेल्या स्लिंगला (पट्टीच्या फासाला) २२, हार्नेसला (कमरेला बांधायच्या पट्ट्याला) १५. लीडसाठीच्या एकेरी दोरावर ८० किलोचं वजन अतिशय कठोर पद्धतीनं पाडून बघतात. असे किमान पाच धक्के त्यानं सोसायचे आणि पहिल्या धक्क्याचा जोर १२ किलोन्यूटनच्या वर जायचा नाही, अशी अट असते.

नवं, खरं आणि नीट लावलेलं साधन सहसा तुटत नाही, हा भरवसा मनात पक्का बसू द्या. दोरावर बसायला घाबरणाऱ्याला मी हेच आकडे दाखवतो. पण त्याच कॅरॅबिनरवर आडव्या दिशेचा आकडाही असतो, तो बहुधा ७ किंवा ८. गेट उघडं राहिलं तरी ताकद तितकीच खाली येते. दोन टनांची वस्तू नुसती फिरली की पाऊण टनाची होते. आणि सह्याद्रीत तर साधनाआधी खडकच दगा देतो. म्हणून भरवसा एका वस्तूवर ठेवून भागत नाही. वस्तू, ती बसवणारा हात आणि ती धरणारा दगड, तिघांची परीक्षा वेगवेगळी घ्यावी लागते.

पायरी १: वस्तूचा इतिहास विचारा

१४ जुलै १८६५ रोजी एडवर्ड व्हिंपर आणि सहा जण मॅटरहॉर्नच्या माथ्यावर पहिल्यांदा पोचले. उतरताना एकाचा पाय घसरला, त्याच्याबरोबर आणखी तिघे ओढले गेले, आणि त्यांच्या व मागच्या तिघांच्या मधला दोर तुटला. चौघे गेले. त्यांच्याकडे त्या दिवशी मजबूत दोर होते. नेमका त्या जागी बांधला होता तो सगळ्यांत जुना आणि कमजोर. तो तुटलेला तुकडा आजही झरमॅटच्या संग्रहालयात आहे.

म्हणून कुणाचंही साधन हातात घेतलं की विचारा: कधीचं आहे, कुणी वापरलं, कशासाठी, कुठे ठेवलं होतं? उत्तर मिळालं नाही तर ते लीडला वापरू नका. दोर, स्लिंग, हार्नेस या कापडी वस्तू न वापरताही म्हाताऱ्या होतात. बहुतेक उत्पादक जास्तीत जास्त दहा वर्षांची मुदत देतात आणि नेमानं वापर असेल तर ती पुष्कळ कमी होते. सीई (युरोपीय मानक) आणि यूआयएए (आंतरराष्ट्रीय गिर्यारोहण महासंघ) यांचा शिक्का बघा. दुकानात किल्ल्यांना लावायची कडी हुबेहूब कॅरॅबिनरसारखी मिळते. ती पिशवीला लावा, माणसाला नको.

रॅपलिंगचा, म्हणजे दोरावरून उतरण्याचा, स्टॅटिक दोर आणि लीडचा ताणला जाणारा डायनॅमिक दोर यांत गल्लत करू नका, ही चूक जिवावर बेतते. स्टॅटिक दोर ताणत नाही, त्यामुळे पडण्याचा सगळा झटका तुमच्या कमरेला आणि भेगेतल्या साधनाला बसतो.

पायरी २: दोर हाताखालून घाला

आमच्या आजोबांची मोट बंद पडून जमाना झाला होता, पण नाडा तपासायची त्यांची सवय गेली नव्हती. डोळे दुसरीकडे आणि दोर बोटांतून सरकत. ‘डोळ्याला न्हाई दिसत, बोटाला कळतंय,’ म्हणायचे. डायनॅमिक दोर असाच तपासायचा. एक टोक धरून वीत-वीत पुढे सरकवत जा. आतला गाभा कुठे मऊ, चपटा किंवा पोकळ लागतो का? दोर दुमडला तर कमानीसारखा गोल वळतो की एका जागी मोडल्यासारखा होतो? वरची वीण फाटून आतलं पांढरं दिसतं का? यांतलं काहीही आढळलं तर दोर बाद. बाद दोर कापून टाका. तसाच ठेवला तर पुढच्या वर्षी कुणीतरी भाबडेपणानं उचलतो.

नायलॉनचा मोठा वैरी म्हणजे बॅटरीतलं आम्ल. ते दोराला आतून खातं आणि वरून काही दिसेलच असं नाही. आपण दोर जीपच्या मागं, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, इन्व्हर्टरशेजारच्या कोपऱ्यात ठेवतो. या तिन्ही जागा टाळा. दोर कोमट पाण्यात सौम्य साबणानं धुवा, सावलीत वाळवा, आणि मधली खूण करायला मिळेल त्या मार्करची शाई लावू नका.

पायरी ३: धातूची पाहणी

ही झटपट होते. कॅरॅबिनरचं गेट सोडल्यावर आपोआप, पूर्ण बंद व्हायला हवं. दोर घासून पडलेल्या खोबणीची कड बोटाला धारदार लागली तर तो काढून टाका. नटच्या तारेचा एकही धागा तुटलेला नको. फ्रेंडचा ट्रिगर, म्हणजे पाकळ्या मिटवणारी दांडी, ओढून सोडा. चारही पाकळ्या एका दमात उघडल्या पाहिजेत.

पायरी ४: कातळ वाजवून बघा

मडकं घेताना आपण टिचकी मारून घेतो. खणखणीत वाजलं तर पक्कं, बद्द वाजलं तर कुठेतरी चीर. कातळालाही हाच न्याय. तळव्यानं किंवा नटकीच्या (अडकलेले नट काढायच्या धातूच्या पट्टीच्या) मागच्या बाजूनं भेगेच्या दोन्ही अंगांना ठोका, आणि ठोकताना दुसरा हात त्या दगडावर ठेवा. आवाज पोकळ आला किंवा हाताला थरथर जाणवली, तर तो दगड डोंगराचा नाही. डोंगराला टेकून उभा आहे इतकंच.

साताऱ्यात याला फार महत्त्व आहे. आपला सह्याद्री लाव्ह्याच्या थरांवर थर साचून झालेला. काळा, घट्ट पाषाण मिळाला तर त्याच्या उभ्या भेगा साधनांना उत्तम. पण मधल्या थरांत विहिरी खणणारे ज्याला मांजऱ्या म्हणतात तसा मऊ, भोकाभोकांचा खडक लागतो, कुठे लाल गेरूचा पट्टा, आणि पाचगणी, महाबळेश्वर, कासच्या माथ्यावर जांभा. गेरूत आणि जांभ्यात बसवलेल्या साधनाला मी साधन धरत नाही. तो निव्वळ दिलासा असतो आणि दिलासा धक्का सोसत नाही.

पांडवगडाच्या बाजूला एकदा सराव चालू होता. एका सुबक भेगेत मी फ्रेंड बसवला, पाकळ्या छान टेकल्या होत्या. शेळ्या घेऊन थांबलेले एक मामा म्हणाले, ‘पोरांनो, त्यो दगड वेगळा हाय बरं का. पावसाळ्यात त्येच्या शेजारचा खाली आलाय.’ ठोकून पाहिलं, तर बद्द आवाज. बाजूला उभं राहून लांब स्लिंगनं ओढ दिली आणि पराती एवढी कपची सुटून खाली आली. फ्रेंडला ओरखडाही नव्हता. त्या भागात रोज वावरणाऱ्या माणसाला विचारायची सवय मला तेव्हापासून लागली. कोणता कडा पावसात ढासळतो आणि कुठे आग्या मोहोळ बसलं आहे, हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं.

पायरी ५: जमिनीवर उभं राहून साधन बसवा

सरावाला कडा नको. दोन पुरुष उंचीचा, माथ्यावर चालत जाता येईल असा पक्का कातळ पुरे. सातारा, वाई, मेढा पट्ट्यात तो गावोगाव सापडतो. गडाच्या तटाच्या चिऱ्यांत सराव करू नका. कास पठार २०१२ पासून जागतिक वारसा आहे, तेही सोडा. आणि वासोट्याचा बाबूकडा कितीही खुणावला, तरी तो कोयना अभयारण्यात आहे. तिथे वनखात्याच्या परवानगीशिवाय जायचं नाही.

नटपासून सुरुवात करा. ब्रिटनमधले गिर्यारोहक पूर्वी भेगेत गोटे अडकवून त्यांना दोरी बांधत; पुढे यंत्राचे खरेखुरे नट, आतले आटे घासून, दोरीत ओवून वापरू लागले, नाव तिथून आलं. तत्त्व पाचरीचं आहे. वर रुंद आणि खाली निमुळती होणारी भेग शोधा, नट वरून घाला, खाली ओढून बसवा. त्याच्या दोन्ही बाजू जास्तीत जास्त दगडाला टेकायला हव्यात. नुसत्या दोन टोकांवर टेकला असेल तर दुसरा आकार घ्या. मग दोर वर जाताना त्याला वरच्या दिशेनं किती हिसका बसेल ते बघा. नट सहज निघत असेल तर लांब स्लिंग लावा.

फ्रेंड समांतर भेगांसाठी. १९७० च्या दशकात अमेरिकेच्या रे जार्डिन यांनी तो घडवला. पाकळीची कड अशा वक्रात कापलेली असते की ती किती उघडली आहे याला महत्त्व न राहता दगडाशी तिचा कोन तोच राहतो. खाली जितकी ओढ, त्याच्या साधारण दुप्पट जोर ती प्रत्येक भिंतीवर देते. पक्क्या पाषाणात म्हणून तो पडू देत नाही, आणि सुट्या कपचीमागं लावला तर तोच तिला पहारीसारखा उचकटतो. पाकळ्या मधल्या टप्प्यात, निम्म्याच्या आसपास मिटलेल्या असाव्यात. पार मिटून कोंबला तर निघणार नाही, फार उघडा राहिला तर निसटेल. दांडा पडण्याच्या दिशेला, म्हणजे बहुधा खाली, असू द्या. भेगेतली माती आधी नटकीनं खरवडून काढा. ओल्या मातीवर पाकळी घसरते.

पायरी ६: वजन टाका

बसवलेल्या साधनाला स्लिंग लावा, तिच्यात पाय घालून हळूहळू उभे राहा, मग दोन-चार हलके हिसके द्या. हेल्मेट हवंच. तोंड साधनासमोर कधीच नको, निसटलं तर ते सरळ चेहऱ्यावर येतं. पाय जमिनीपासून फूटभरच वर असू द्या.

निघालं तर आनंद माना, कारण ते इथे निघालं. का निघालं ते पुन्हा बसवून शोधा. टिकलं तर बाहेर काढून दगडावरच्या खुणा बघा: नट कुठे टेकला होता, कोणती पाकळी घासली? प्रत्येक वेळी वजन टाकण्याआधी मोठ्यानं सांगा, टिकेल की नाही. तुमचा अंदाज आणि निकाल सलग तीस-चाळीस वेळा जुळेपर्यंत पुढची पायरी घेऊ नका. इथे घाई करणारे फार, आणि माझा आग्रह इथेच सगळ्यांत जास्त आहे.

पायरी ७: अँकर

वर पोचल्यावर स्वतःला आणि दोराला बांधायचा आधार म्हणजे अँकर. त्याला तीन वेगवेगळी साधनं, शक्यतो एकाच कपचीवर अवलंबून नसलेली. त्यांच्या स्लिंगा एका बिंदूत आणा. दोन बाहूंमधला कोन ६० अंशांच्या आत ठेवा. तिथे प्रत्येकावर ५८ टक्क्यांच्या आसपास भार येतो. कोन १२० अंशांचा झाला की दोन्ही बाहूंवर पूर्ण भार, म्हणजे दोन साधनं लावून फायदा शून्य. वाटेत जुनी मेख किंवा झाडाला बांधलेली, रंग उडालेली स्लिंग दिसली तर तिला तिसऱ्यातही धरू नका. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. त्यात उभ्या मेखेचं लोखंड कातळाच्या आत किती उरलं आहे, हे बाहेरून कळत नाही.

पायरी ८: वरचा दोर ठेवून लीड, मग दोरावर बसणं

वरून एक बिले कायम ठेवा आणि दुसऱ्या दोरानं खरोखरीचं लीड करा, साधनं बसवत. खाली आलात की जाणत्यानं वर जाऊन एकेक साधन तपासावं आणि काय चुकलं ते तोंडावर सांगावं.

मग पहिल्या तऱ्हेच्या माणसाचं औषध. वरच्या दोरावर, जमिनीपासून चांगलं उंच असताना, हात सोडून बसा. दोर ताणेल, ८० किलोच्या भाराला दहा टक्क्यांपर्यंत ताण चालतो. म्हणजे तीस मीटर दोर सुटला असेल तर तुम्ही अडीच-तीन मीटर खाली याल. हे आधी माहीत नसेल तर काळजाचा ठोका चुकतो, आणि जमीन जवळ असेल तर पाय मोडतो. म्हणून सुरुवातीच्या काही मीटरांत साधनं जवळजवळ बसवायची. दोर थोडा सुटलेला असताना पडणं सगळ्यांत कठोर असतं, कारण झटका गिळायला दोरच पुरेसा नसतो. स्टान्सवरून (वाटेतल्या थांब्यावरून) निघाल्यावर पहिलं साधन हाताला येईल तितक्या लवकर लावा.

निघण्याआधी दर वेळी जोडीदाराची तपासणी: आठाची गाठ, हार्नेसचं बक्कल, बिलेचा कॅरॅबिनर लॉक. पन्नासावी चढाई असली तरी हात लावून.

घरी आल्यावर एक वही ठेवा. दोराची खरेदीची तारीख, प्रत्येक मोठा धक्का, कोणता फ्रेंड मातीत गेला. फ्रेंड कोमट पाण्यात जुन्या टूथब्रशनं धुऊन पूर्ण वाळवा आणि उत्पादकानं सांगितलेलंच वंगण द्या. हे काम दिवाळीनंतरच्या पहिल्या चढाईपूर्वी एकदा आणि होळीला सगळं बांधून ठेवताना एकदा, असं वर्षातून दोनदा नेमानं करा.