१७ सप्टेंबरच्या नाटकासाठी लाकडी थ्री नॉट थ्री

मराठवाडा मुक्तिसंग्रामाचं नाटक किंवा चित्ररथ बसवताना हमखास चूक होते ती बंदुकीत. १३ सप्टेंबर १९४८ ला नळदुर्गात शिरणाऱ्या भारतीय जवानाच्या हातात एके-४७ दिसली की प्रसंग तिथंच पडतो. एसएलआर, म्हणजे सेल्फ-लोडिंग रायफलही नको, ती १९६० नंतरची. जवानांना थ्री नॉट थ्री, म्हणजे ली-एनफिल्ड द्या. एखाद्याला स्टेनगन दिली तर तिचं मॅगझिन डाव्या अंगाला येतं, ब्रेन मशीनगनचं वरून. रझाकारांपैकी, म्हणजे निजामाच्या बाजूच्या सशस्त्र स्वयंसेवकांपैकी, बहुतेकांना ठासणीच्या बंदुका, भाले, तलवारी द्या.

खरी रायफल साडेचव्वेचाळीस इंच लांब, वजन चार किलोच्या आसपास. १२ एमएम प्लायचे दोन तुकडे फेविकॉलनं जोडून त्यातून आकार कापा. सप्टेंबरच्या दमट हवेत शिकंजा (क्लॅम्प) २४ तासांआधी सोडू नका, कडा उकलतात. अखंड फळी घेतली तर चापामागच्या बारीक गळ्याशी रेषा आडवी येते आणि रायफल आपटली की नेमकी तिथंच मोडते.

पुढचा भाग नीट जमवा. या रायफलीचं लाकूड थेट तोंडापर्यंत जातं, नळी टोपणातून जेमतेम बाहेर दिसते. लांब पाइप लावला की शिकाऱ्याची बंदूक होते. नळीला भोक पाडायचंच नाही. भरीव दांडकं बसवा. चापाच्या पुढं मॅगझिनचा खोका, खाली थोडा निमुळता.

बोल्टसाठी दाराचा सहा इंची टॉवर बोल्ट उत्तम. वरच्या बाजूला खाच पाडून तो असा बसवा, की मागं ओढल्यावर मूठ उजव्या हाताशी, चापाच्या जवळ येईल. वर उचला, मागं ओढा, पुढं ढकला, खाली दाबा: खऱ्या रायफलीचीही हीच हालचाल, आणि खटका मागच्या रांगेपर्यंत ऐकू जातो. स्क्रू अर्ध्या इंचाचेच घ्या, लांब स्क्रू प्लाय फाडतात.

प्लायच्या कडा लांबीनं (पुट्टीनं) बुजवताना लांबीतच तपकिरी रंग कालवा. कोरडी लांबी तेल पीत नाही आणि पांढरे पट्टे उठून दिसतात. वरून बॉइल्ड जवस तेलाचे दोन हात. घाण्याचं तेल कित्येक दिवस चिकट राहतं. तेलाचे बोळे गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, ते आपोआप पेटतात. पाण्यात भिजवून मगच फेका. लोखंडी भागांना मॅट काळा द्या आणि कडांवर पेन्सिलीचं शिसं घासा. चकचकीत रंग दिव्याखाली खेळण्यासारखा दिसतो. पट्टा खाकी नवारीचा.

वजन दोन किलो तरी हवं. हलकी बंदूक नट काठीसारखी फिरवतो. दस्त्यात लोखंडी पट्टी घाला.

तालमीत प्रत्येक गोळीनंतर बोल्ट ओढायला लावा. सराव झालेला शिपाई मिनिटाला साधारण १५ नेमक्या गोळ्या झाडायचा, त्यामुळे धडाधड गोळीबार दाखवू नका. आवाज स्पीकरवरून सोडा, रंगमंचावर सुतळी बॉम्ब नको. पोलीस ठाण्यात आधी कळवा, आणि बंदुका नेताना पोत्यात गुंडाळून न्या. एसटीत उघड्या दिसल्या तर प्रवासी घाबरतात.