गाडीवाला भैया कचरा परत करतो? या चुका टाळा

स्वच्छतेत आपल्या इंदूरचा पहिला नंबर २०१७ पासून लागतोय, त्यामुळे सगळ्यांना वाटायला लागलंय की बाकीचं निगम (महापालिका) बघून घेईल, आपण फक्त डबा बाहेर ठेवायचा. तसं नसतं हो.

सगळ्यात कॉमन चूक म्हणजे ओला कचरा पन्नीत, म्हणजे प्लास्टिकच्या पिशवीत, बांधून देणं. परवाच आईने भेंडीची देठं, कोयी आणि सकाळचे उरलेले पोहे, डबा बरबटू नये म्हणून मस्त गाठ मारून पन्नीत घातले, तर कचरागाडीवाल्या भैयाने पिशवी बाहेरूनच चाचपली आणि परत हातात दिली, "आंटी, पन्नी अलग करो." आई दिवसभर फुगून बसली. पण तो बरोबर होता, कारण हा कचरा देवगुराडियाच्या बायो-सीएनजी प्लांटला जातो (१९ फेब्रुवारी २०२२ ला सुरू झाला, तेव्हा रोज ५५० टन घ्यायची कपॅसिटी, त्याच गॅसवर सिटी बस पळतात), तिथे त्याचा लगदा करून बंद टाकीत ठेवतात, मग बॅक्टेरिया तो खाऊन गॅस बनवतात आणि पन्नी काही त्यांच्या पोटात जात नाही, उलट मशीनमध्ये गुंडाळत बसते. डब्यात तळाला जुना पेपर अंथरा, झालं काम. आमटी-ताकाचं पाणी आधी निथळून टाका, नाहीतर पेपर भिजून फाटतो.

डायपर, पॅड सुक्यात नाही. संपलेले सेल, जुनी औषधं पण नाही. गाडीत त्यांचे कप्पे वेगळे आहेत, विचारा म्हणजे दाखवतात.

दुसरी चूक पाण्यातली, गच्चीवरचं पावसाचं पाणी फिल्टर न करता थेट बोरिंगमध्ये (बोअरवेलमध्ये) सोडणं. आमच्या बिल्डिंगमध्ये असंच केलं होतं आणि जुलैत नळाला कबुतरांच्या विष्ठेचा वास, आता बोला! पहिले दोन-तीन पाऊस व्हॉल्व्ह फिरवून बाहेर जाऊ द्यायचे, फिल्टरमधली वाळू-गिट्टी मे महिन्यातच काढून धुवायची, पाऊस आला की मग कोणी करत नाही.

आणि टाकी ओव्हरफ्लो! आपल्या नळाला नर्मदेचं पाणी नदीकाठच्या जलूद गावाहून सुमारे ७० किलोमीटर, घाट चढवून, पंपाने येतं. त्याचं विजेचं बिल एवढं की निगमने फेब्रुवारी २०२३ मध्ये २४४ कोटींचे ग्रीन बॉन्ड (पर्यावरणाच्या कामासाठी लोकांकडून घेतलेलं कर्ज) काढले, जलूदला ६० मेगावॅटचा सोलर प्लांट लावायला. आणि आपण ते पाणी गच्चीवरून गटारात सोडतो. बॉल-कॉक (टाकी भरली की तरंगत वर येऊन पाणी बंद करणारा बॉल) असूनही टाकी वाहत असेल तर लगेच प्लंबरला बोलवू नका, आधी वॉशर बघा. तो ठीक असला तर बॉल काढून कानाशी हलवा, आत खळखळ वाजलं की बॉलला चीर पडून पाणी शिरलंय, तो आता तरंगणार नाही, हार्डवेअरवाल्याकडून नवा आणा.